गुडघ्यावरचं बोट

क्लबात तिला सगळे गोणीवहिनी म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तिलाही वाटत नसावं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

हे नाव पडलं त्याला पाच वर्षं झाली. जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या त्या क्लबाचा विसावा वर्धापनदिन होता आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे तेव्हाच्या नवऱ्याला, बिनघड्याळी फेरीची ढाल सलग अकराव्यांदा मिळाली होती. हा त्या क्लबाचा मानाचा खेळ. वेगाशी त्याचा काही संबंध नाही. चालकाने आधी चिठ्ठीवर लिहून द्यायचं की मी रेसट्रॅकच्या तीन फेऱ्या अमुक वेळात पुऱ्या करीन, आणि मग नेमक्या तेवढ्याच वेळात करून दाखवायच्या. मनगटी घड्याळ आणि मोबाइल एका टोपलीत जमा करायचे. वेगाचा काटा चिकटपट्टीने झाकायचा. वाटेत कुठे थांबायचं नाही. शेजारी क्लबाचा एक सभासद साक्षीदार म्हणून बसवायचा आणि त्याने चकार शब्द काढायचा नाही. ज्याचा फरक सर्वांत कमी, ढाल त्याची. भले भले दहा-बारा सेकंदांनी चुकायचे. तिचा नवरा अर्ध्या सेकंदानेही चुकत नसे. त्यामुळे त्याला सगळे घड्याळ म्हणत, आणि तो ते कौतुक अंगाला चोळून घेत असे.

त्या विसाव्या वर्षी ढाल काखेत धरून घड्याळ माइकवर म्हणाला होता, "लोक मला विचारतात, दर वर्षी बायकोलाच का बसवतोस शेजारी? आता नियमच आहे म्हटल्यावर कुणाला तरी बसवायला लागतं. दुसरा कुणी बसला की चुळबुळ करतो. ही आपली वाळूच्या गोणीसारखी. ठेवली की ठेवली."

दोनशे माणसं पोट धरून हसली. सगळ्यांत वाईट म्हणजे तीसुद्धा हसली. घोटभर चहा नाकात जाईपर्यंत हसली. त्या हसण्याबद्दल तिने त्याला माफ केलं नाही आणि स्वतःलाही नाही.

कारण खरी गोष्ट अशी होती, की घड्याळ ती होती.

एकोणिसाव्या वर्षी ती एका फोटो स्टुडिओत कामाला लागली, ती थेट मागच्या अंधाऱ्या खोलीत. फोटोचा कागद एका रसायनात इतके सेकंद, दुसऱ्यात तितके, मग पाण्यात. चमकत्या काट्यांनी कागद बिघडतो म्हणून मालक घड्याळ आत नेऊ देत नसे. मनात मोजायचं. चौदा वर्षं तिने मोजलं. मालकाच्या शिव्या खाताना, शेजारच्या मुलीशी गप्पा मारताना, सर्दीने डोकं जड झालेलं असताना. पुढे स्टुडिओ बंद पडला, पण मोजणी काही बंद पडली नाही. आतल्या आत कुणीतरी बसून मोजतंय आणि विचारलं की आकडा सांगतंय, असं तिला वाटायचं. अंडं उकडताना तिने जन्मात कधी घड्याळाकडे पाहिलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी घड्याळ, ज्याला तेव्हा कुणी घड्याळ म्हणत नव्हतं, चौदा सेकंदांनी चुकला आणि दोन दिवस तोंड फुगवून बसला. पुढच्या वर्षी ती साक्षीदार म्हणून शेजारी बसली. सुटल्यापासून दर दहा सेकंदांनी तिने त्याच्या गुडघ्यावर बोट टेकवलं. बाहेरून कुणाला काही दिसत नव्हतं आणि आत कुणी काही बोलत नव्हतं. चौथ्या बोटाला पाण्याची टाकी, नवव्याला टायरांची भिंत, पंधराव्याला पांढरी रेघ. गाडी हाकायला तो खरंच पक्का होता. त्याला फक्त वेळ कळत नव्हती. ही सरळ सरळ लबाडी होती आणि दोघांनाही ते माहीत होतं. पण त्या वर्षांत तिला तो आवडत होता, हेही सांगून टाकायला हवं. त्याच्या गुडघ्यावरचं आपलं बोट ही जगातली सगळ्यांत खाजगी जागा आहे, असं तिला वाटे.

गोणीच्या विनोदानंतर सहा महिन्यांत घड्याळाला शांततेची गरज भासू लागली. ती शांतता त्याला गाड्यांना रंग देणाऱ्या दुकानातल्या एका बाईजवळ सापडली. घटस्फोट झाला. ढाली त्याच्याकडे गेल्या, नाव तिच्याकडे राहिलं. बाजारात क्लबाचं कुणी भेटलं की लांबूनच हाक यायची, "काय गोणीवहिनी, कशा आहात?" माणसं बिचारी प्रेमाने विचारायची. तिच्या मात्र तळपायाची आग मस्तकाला जायची, आणि वर हसून "मजेत" म्हणायला लागायचं.

घटस्फोटानंतर घड्याळ एकदाही फेरीत उतरला नाही. "आता नव्या लोकांना संधी द्यायला हवी," असं तो म्हणे. केवढं मोठं मन म्हणून लोक आणखी भारावून जात.

आणि मग पंचविसावा वर्धापनदिन आला.

क्लबाचा सेक्रेटरी दातांचा डॉक्टर होता. दिवसभर तोंड उघडं टाकून बसलेल्या माणसांशी एकतर्फी बोलायची सवय असल्यामुळे विचारून करणं हा प्रकार त्याला ठाऊक नव्हता. त्याने परस्पर आमंत्रणपत्रिका छापली: घड्याळ पुन्हा ट्रॅकवर! तीन फेऱ्या, खास प्रात्यक्षिक! घड्याळाने ती वाचली तेव्हा चारशे प्रती वाटून झाल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी तो तिच्या दुकानात आला. झेरॉक्सच्या दोन मशीन, एक निळा पडदा, एक स्टूल आणि पासपोर्टचे फोटो कापायचं यंत्र, एवढंच तिचं दुकान. ती फोटो कापत होती, ते तिने थांबवलं नाही.

"अगं, सुकलीस तू," तो म्हणाला.

"तुझं काम सांग." घटस्फोटानंतर तिने एवढी एकच चैन केली होती. त्याला अरे-तुरे करायला लागली होती.

त्याने पत्रिका टेबलावर ठेवली. "डॉक्टरने घोळ घातलाय. आता नाही म्हणालो तर लोक काय म्हणतील? एकदाच ये. तीन फेऱ्या. साडेसात मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"तुझ्या बायकोला बसव की."

"तिला गाडीत मळमळतं." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि तिला काही माहीत नाही."

तिने यंत्राचा दांडा खाली दाबला. आठ चेहरे सुटे झाले. पाच वर्षांत याने एकदा जरी म्हटलं असतं, की माझं चुकलं, तुझ्यामुळे होतं सगळं, तरी ती कदाचित विरघळली असती. ती वाट पाहत राहिली. त्याने खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि विचारलं, "मग येशील ना? तशी तू मनाने चांगली आहेस."

"येईन," ती म्हणाली.

घरी ताईने तिला फैलावर घेतलं. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून तिच्याकडेच राहायची आणि हातातलं विणकाम खाली न ठेवता भांडू शकायची. मोजणीचं गुपित घड्याळाखेरीज तिला एकटीलाच माहीत होतं.

"तुला लाज नाही? त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसणार तू?"

"बसणार."

"आणि त्याला बारावी ढाल मिळवून देणार?"

"ताई, मी बसणार एवढंच म्हणाले."

ताईच्या सुया थांबल्या. तिने बहिणीच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि काय समजायचं ते समजली. "जपून गं," ती म्हणाली. "मला तुझं हे तोंड लहानपणापासून ठाऊक आहे."

वर्धापनदिनाला रेसट्रॅकवर सकाळपासून गर्दी होती. गॅरेजच्या रांगेपुढे गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि मालक मऊ फडक्याने त्यांना गोंजारत होते. पॉलिश आणि पेट्रोलचा वास एकमेकांत मिसळला होता. घडीच्या खुर्च्यांवर बायका टोप्या घालून बसल्या होत्या. तिला पाहताच चारी बाजूंनी "अरे, गोणीवहिनी!" सुरू झालं. एकाने तर आपल्या सुनेला ओढून आणलं आणि ओळख करून दिली, "या बरं का, आमच्या गोणीवहिनी. फार गंमत आहे त्या नावाची." आणि त्याने ती गंमत सांगितली. सून संकोचून हसली. तीही, दातओठ न खाता, अगदी गोड हसली. आज तिला हसणं जड जात नव्हतं.

सेक्रेटरी माइक घेऊन फिरत होता. "जुनी जोडी परत एका गाडीत! याला म्हणतात खिलाडूवृत्ती!" टाळ्या पडल्या. घड्याळाने आपलं मनगटी घड्याळ सगळ्यांना दिसेल असं टोपलीत टाकलं. तिने मोबाइल ठेवला. काट्यावर चिकटपट्टी लागली. चिठ्ठीवर त्याने लिहिलं, साडेसात मिनिटं. म्हणजे अडीच मिनिटांची एक फेरी, जुन्या सवयीप्रमाणे.

झेंडा पडला.

पहिल्या दहा सेकंदांना तिने बोट टेकवलं तेव्हा त्याचा गुडघा दचकला. मग सैल झाला. त्याने एवढा लांब सुस्कारा सोडला की तिला त्याची कीव यायला हवी होती. चौथ्या बोटाला टाकी, नवव्याला टायरांची भिंत. रेघ ओलांडली तशी लाउडस्पीकरवरून डॉक्टरची किंकाळी आली, "दोन मिनिटं तीस! बरोबर तीस!" दुसरी फेरी त्याहून सुरेख झाली. तो रंगात आला. एक कोपर खिडकीवर टाकून लोकांना हात करू लागला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "बघितलंस? अजून हातात आहे माझ्या." बोलायला बंदी होती, पण ती साक्षीदाराला.

त्या वाक्यापर्यंत तिचा निर्णय ऐंशी टक्के झाला होता. उरलेला वीस टक्के त्याने स्वतः करून दिला.

तिसऱ्या फेरीला तिने बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला.

टाकी आली. त्याने गुडघा जरासा पुढे केला, बोट चुकून सुटलं असेल म्हणून. काही नाही. "अगं," तो पुटपुटला. ती खिडकीतून बाहेर बघत होती. "अगं, मोज ना!"

आधीच्या दोन फेऱ्यांसारखीच हाकली असती तर चार-पाच सेकंदांवर निभावलं असतं. कुणी नावं ठेवली नसती. पण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच हातापायांचा भरवसा राहत नाही. आधी त्याला वाटलं उशीर झाला, म्हणून त्याने गाडी पिटाळली. टायरांच्या भिंतीपाशी वाटलं फारच लवकर आलो, म्हणून करकचून ब्रेक दाबला. मग पुन्हा पिटाळली. त्याच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत जात होता. "पाया पडतो तुझ्या," तो म्हणाला, आणि दुसऱ्याच क्षणी त्याने तिला एक घाणेरडी शिवी दिली.

तिची मोजणी आत चालूच होती. ती थांबवणं तिच्याही हातात नव्हतं. शेवटच्या सरळ रस्त्यावर त्याने गाडी गोगलगायीसारखी केली. थांबायला बंदी होती, म्हणून थांबत तेवढी नव्हती. प्रेक्षकांना वाटलं गंमत करतोय, त्यांनी शिट्ट्या मारल्या. रेघ पन्नास पावलांवर असताना एकशेपन्नास सेकंद भरले. आत्ता, ती मनात म्हणाली. तिच्या अंगातून एक गार, गोड लहर गेली. तो अजून अदमास घेत होता. एक, दोन, तीन. नऊ. चौदा. एकोणिसाव्या सेकंदाला पुढची चाकं रेघेवरून गेली.

दोघं गाडीतून उतरले. फलकावर आकडे लागले होते. सेक्रेटरीने ते माइकवर वाचले, विश्वास न बसून पुन्हा वाचले आणि मग तोंडाला लगाम नसलेल्या माणसाला सुचतं तेच त्याला सुचलं. "काय घड्याळसाहेब, सेल संपला वाटतं!"

दोनशे माणसं खो खो हसली. खुर्च्यांवरच्या टोप्या हलल्या. घड्याळाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. कुणी लबाड म्हटलं असतं तर ते त्याला झेपलं असतं, लबाडीत निदान हुशारी तरी असते. पण हसलेलं त्याला आयुष्यात कधी सोसलं नव्हतं. त्याने सेक्रेटरीच्या हातातला माइक हिसकावला.

"हसताय काय? मी चुकलेलो नाही! हिने शेवटच्या फेरीत मोजलंच नाही!"

त्याचा आवाज लाउडस्पीकरमधून साऱ्या ट्रॅकभर गेला. हसू बंद झालं. सेक्रेटरीने हळूच विचारलं, "कुणी मोजलं नाही?"

"हिने! पहिल्या दोन फेऱ्या हिने मोजल्या आणि तिसरीला बोट काढून घेतलं. मुद्दाम! अकरा वर्षं हीच मोजत आलीय, गुडघ्यावर बोट टेकवून. विचारा तिला! आहे समोर, विचारा!"

सेक्रेटरीने माइक त्याच्याकडून काढून घेतला आणि तिच्यापुढे धरला. आता तो विनोद करत नव्हता. "वहिनी, खरं आहे हे?"

एवढ्याचसाठी तर ती पाच वर्षं रात्र रात्र तळमळली होती. लोकांसमोर, माइकवर, त्याच्याच तोंडून. फक्त 'हो' म्हणायचा अवकाश होता. अकरा ढाली धुळीला मिळाल्या असत्या आणि बायका कुजबुजल्या असत्या, काय बाई डोकं आहे हिचं! तिने तोंड उघडलंसुद्धा.

पण तेवढ्यात तिला पुढचंही दिसलं. लोक म्हणतील, त्या दोघांनी मिळून फसवलं. त्या दोघांनी. इतक्या खटपटीने सुटलेली ती पुन्हा त्याच्याबरोबर एका वाक्यात बांधली जाईल, आणि या खेपेला काडीमोड घ्यायला कोर्टसुद्धा नसेल. आणि याने तरी खरं कधी सांगितलं? दोष टाकायला कुणीतरी हवं होतं तेव्हा. तिच्या मोठेपणासाठी एक शब्दही त्याने खर्च केलेला नव्हता.

"मी?" ती म्हणाली. "अहो डॉक्टर, गोणी कधी मोजते का?"

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी गर्दी फुटली. आधीच्या हसण्यात थोडं प्रेम तरी होतं. या हसण्यात ते नव्हतं. "बायकोवर ढकलतोय," एक जण म्हणाला. "तेही सोडलेल्या," दुसऱ्याने पुस्ती जोडली. "हरायचं तर सरळ हरावं की!" मघाच्या सुनेने तर सासऱ्याकडे वळून चांगलं मोठ्याने विचारलं, "हेच का ते तुमचे मोठे घड्याळ?"

"खरं सांगतोय मी!" घड्याळ ओरडला. "शपथ घेतो! अगं, सांग ना त्यांना!"

तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तो विनवत होता. आयुष्यात पहिल्यांदाच या माणसाला तिची गरज होती ती मोजण्यासाठी नव्हे, तर त्याचं खरं ठरवण्यासाठी. तिला वाईट वाटायला हवं होतं. तिने आत चाचपून पाहिलं, वाटत नव्हतं. उलट फार दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं. घड्याळ आपण होतो हे आता कधीच कुणाला कळणार नाही, हेही त्याच वेळी तिच्या लक्षात आलं, आणि ते मात्र जरा बोचलं. तिने ते बोचू दिलं.

सेक्रेटरीला ओशाळल्यासारखं झालं होतं. काय करावं ते न सुचून त्याने नियमाचा आधार घेतला आणि गाडीच्या बॉनेटवर साक्षीदाराचा कागद ठेवला. "वहिनी, तेवढ्या सह्या."

कागद तोच होता, गेल्या पंचवीस वर्षांत बदललेला नव्हता. वर एक ओळ छापलेली: चालकाला या फेरीत कोणाचीही, कोणत्याही प्रकारची मदत मिळालेली नाही. खाली तीन फेऱ्यांचे तीन रकाने. अकरा वर्षांच्या तेहतीस सह्या तिने ही ओळ न वाचता केल्या होत्या. आजच्याही पहिल्या दोन तशाच केल्या, सराईतपणे, पेन न उचलता.

तिसऱ्या रकान्यापाशी ती थांबली. ओळ तिने सावकाश वाचली, शेवटच्या शब्दापर्यंत. मग स्वच्छ अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि कागद घड्याळाच्या बाजूला फिरवला. त्याने ते वाचलं. तिथे जमलेल्या दोनशे माणसांत ही एकच सही खरी आहे, हे ठाऊक असलेला तो एकटाच होता.